दोन कॅमेरे आणि बाजारातली जागा

खरेदीच्या बाबतीत मी फार वाईट गिऱ्हाईक आहे. मिक्सर घ्यायला मला एक अख्खा उन्हाळा लागला होता आणि तो उन्हाळाभर आमच्या घरी चटणी पाट्यावर वाटली गेली. खामगावातले दुकानदार मला लांबून ओळखतात. मी पायरी चढले की मालक गल्ल्यावरून उठत नाही, नोकराला पुढे करतो. नवऱ्यानं माझ्याबरोबर खरेदीला येणं केव्हाच सोडलं. तो एका तेलगिरणीत हिशेब पाहतो, आणि त्याच्या मते वस्तू उलटीपालटी करत बसणाऱ्यापेक्षा घेऊन मोकळा होणारा माणूस सुखी असतो. असेलही. मी शाळेत विज्ञान शिकवते. ताडून पाहिल्याशिवाय काही खरं मानू नका, हे मुलांना सांगून सांगून माझ्याच अंगात भिनलं आहे.

त्यामुळे मी कॅमेरा घ्यायचा म्हणाले तेव्हा घरात कुणी मान वर केली नाही. हे आता वर्षभर चालणार, असं सगळ्यांनी धरून चाललं. पण या खेपेला मला घाई होती.

माझं माहेर उंद्रीच्या बाजूचं. विहिरीखालचं थोडं रान, त्यात मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, वांगी, आणि तो माल दर रविवारी जवळच्या बाजाराच्या गावी नेऊन विकणं, हे माझ्या आईचं आयुष्य. आईला आम्ही माय म्हणतो. लग्न होऊन आली तेव्हापासून माय त्या बाजारात बसते. तिच्याआधी त्याच जागी तिची सासू बसायची.

जागा म्हणजे कागदावरची नव्हे. आमच्याकडे बाजारात जागा दगडानं धरतात. बसायला एक चपटा दगड असतो, तो बाजार उठल्यावर तिथंच ठेवून घरी जायचं. आठवडाभर त्याच्यावर कुत्री झोपतात, म्हातारे बसून विडी ओढतात, पण पुढच्या रविवारी तो असतो तिथंच असतो. ताडपत्री वीतभर सरकली म्हणून बायका एकमेकींच्या झिंज्या धरायला उठलेल्या मी पाहिल्या आहेत. दुसऱ्याच्या दगडाला मात्र कुणी हात लावत नाही. मायचा दगड काळा आहे, मधे किंचित खोलगट झालेला. तो मायनं आणलेला नाही आणि तिच्या सासूनं आणला होता की तिच्याही आधी कुणी, हे घरात कुणाला सांगता येत नाही.

आणि हा बाजार हलणार होता. गावाबाहेर सिमेंटचे ओटे बांधून झाले होते. वर पत्रे, बाजूला नळ, सगळी सोय. ओटे चिठ्ठ्या टाकून मिळणार होते. जुन्या जागेवर सिमेंटच्या ठोकळ्यांचे गट्टू बसवून गाड्या उभ्या करायची सोय होणार होती. मी फोनवर मायला म्हटलं, "बरंच झालं की, उन्हात नाही बसावं लागणार."

"मी नाही जात तिकडं," माय म्हणाली. "चिठ्ठीनं जागा भेटत असते का? बाजार हालला का माहं बी बसनं संपलं."

गुडघे दुखतात, एवढं कारण तिनं नंतर जोडलं. लोकांना सांगायला ते बरं पडतं.

मी फोन ठेवला आणि माझ्या लक्षात आलं, की माझ्याकडे बाजारात बसलेल्या मायचा एकही फोटो नाही. माझ्या लग्नातला एक आहे, त्यात तिचं अर्धं डोकं कापलं गेलंय. एक आधार कार्डावरचा, त्यात ती पोलिसांनी धरून आणल्यासारखी दिसते. पण त्या दगडावर बसून, एका हातानं मेथीवर पाणी शिंपडत, दुसऱ्या हातानं जुडी पुढे करत, गिऱ्हाइकाशी तोंडानं भांडत असलेली माय, जिच्या जिवावर मी शिकले, ती कुठंच नव्हती. तो फोटो मला हवा होता, आणि बाजार हलायच्या आत हवा होता.

फोन हातात असताना कॅमेरा कशाला, हा प्रश्न नवऱ्यानं विचारलाच. फोननं मी दिवाळीत प्रयत्न केला होता. आमच्या फोनला माणसाच्या तोंडावरून इस्त्री फिरवायची खोड आहे. मायला फोटो दाखवला तर तिनं फोन लांब धरून पाहिला.

"हे कोन व्हय?"

"तूच हायेस, माय."

"मी कशाले असन? हिच्या कपायावर त एक रेघ नाही."

ती खोड बंद करायची सोय फोनमध्ये कुठंतरी आहे म्हणतात. मला ती सापडली नाही, आणि नवऱ्याला सापडली तेव्हा कॅमेऱ्याचं माझ्या मनात पक्कं बसलं होतं.

खामगावात एक फोटो स्टुडिओवाला आहे. लग्नाच्या सुपाऱ्या घेतो, जोडीला नवे-जुने कॅमेरे विकतो. त्याची मुलगी माझ्या वर्गात होती, त्यामुळे तो मला नोकराच्या स्वाधीन करत नाही, स्वतः चहा सांगतो. त्यानं माझ्यापुढे दोन कॅमेरे ठेवले. एक मिररलेस. पूर्वीच्या मोठ्या कॅमेऱ्यांच्या आत आरसा असायचा, तो यात नाही म्हणून हे नाव. नवशिक्यासाठी काढलेलं त्यातलं खालचं मॉडेल होतं, पण गळ्यात अडकवल्यावर आपण कुणीतरी आहोत असं वाटायला लावणारं. दुसरा कॉम्पॅक्ट, साबणाच्या वडीएवढा, पर्समध्ये कंगव्याशेजारी मावणारा.

"मॅडम, फरक सेन्सरचा हाये," तो म्हणाला. मोठ्याच्या आत उजेड झेलणारा तुकडा मोठा, म्हणून फोटो स्वच्छ. लेन्स बदलता येते. डोळा लावून बघायची खिडकी आहे. लहान्याला ती खिडकी नाही, मागच्या पडद्यावरच बघायचं. लेन्स आहे ती आहे, बदलता येत नाही. पण खिशात मावतो आणि काढला तर कुणाच्या लक्षात येत नाही.

मी त्याला बरंच काही विचारलं. बाजारात धूळ असते, लेन्स बदलताना ती आत गेली तर काय? बॅटरी किती पुरते? झूम केल्यावर हात हलला तर? त्याचा चहा निवला. शेवटी तो म्हणाला, "तुम्ही असं करा, दोन्ही घेऊन जा. एकेक रविवार वापरून पहा. मंग ठरवा."

अशी सवलत मला कुठल्याही दुकानदारानं आजवर दिली नव्हती. बहुधा मला दुकानाबाहेर काढण्याचा हाच एक उपाय त्याला सुचला असावा. निघताना त्यानं मोठ्या कॅमेऱ्यासाठी आणखी एक लेन्स दिली. माणसाचा फोटो हिच्यानं झकास येतो म्हणाला.

नवऱ्याचं मत ठरलेलं होतं. "घ्याचा त मोठाच घे. लहान्याले कोन पाह्यते?"

मी म्हटलं, कुणी पाहू नये म्हणूनच तर लहाना.

"मंग घेते कशाले?" तो म्हणाला आणि पेपर उघडला.

पहिल्या रविवारी मी मोठा कॅमेरा गळ्यात अडकवून एसटीतून उतरले. बाजाराच्या तोंडाशीच एका म्हाताऱ्यानं मला अडवलं. "कोनत्या पेपरच्या?" मी म्हटलं, पेपरची नाही, भाजीवाल्या बाईची मुलगी आहे. त्याला ते पटलं नाही. त्यानं मला हाताला धरून तुंबलेल्या नालीपाशी नेलं, नालीशेजारी छाती काढून उभा राहिला आणि म्हणाला, "लिहा, तक्रार करूनबी कोनी येऊन नाही राह्यलं." मी फोटो काढला. काढल्याशिवाय सुटका नव्हती. मग लसूणवाल्याला त्याच्या लसणाचा हवा होता. चपलांच्या दुकानवाल्यानं चपला पुसून ठेवल्या. दोन बायकांनी पिशव्या खाली ठेवून एकमेकींचे पदर नीट केले. मला त्या सगळ्यांचा राग यायला लागला, आणि राग यायचं काही कारण नाही हेही कळत होतं. जत्रेत पाळणा आला की लोक त्यात बसणारच.

मायपर्यंत बातमी माझ्याआधी पोचली होती. मी गेले तेव्हा ती मेथीवर शिंपडायच्या पाण्यानं तोंड धूत होती. मग तिनं पदर डोक्यावरून ओढून घेतला, दगडावरून उठली, भाजीच्या ढिगापुढे येऊन बसली, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि श्वास धरला.

"काढ."

"माय, तू भाजी दे न लोकायले. मी काढतो आपली."

"फोटो काढतानी कोनी मेथी देत असते का?" ओठ न हलवता ती म्हणाली.

गिऱ्हाइकं अदबीनं बाजूला उभी राहिली. कॅमेऱ्याच्या मधे यायचं नाही, एवढी रीत आमच्याकडे सगळे पाळतात. गिऱ्हाइकं पिशव्या धरून थांबली, मग कंटाळली, मग पुढच्या बाईकडून मेथी घेऊन गेली. मी गुडघ्यावर बसले, उभी राहिले, बाजूनं गेले. मी जिकडे जाईन तिकडे माय तोंड फिरवायची आणि पुन्हा श्वास धरायची. शेजारी मिरचीवाली बसते. ती आणि माय इतकी वर्षं शेजारी बसून भांडतात आणि एका फडक्यात भाकर खातात. ती म्हणाली, "माहाबी काढ वं, लेकीच्या सासरी पाठवाले." तिचा काढला. ऊन चढलं आणि मेथीनं माना टाकल्या.

"झालं का तुहं?" माय शेवटी म्हणाली. "धंद्याच्या टायमाले तमाशा मांडला. आता हे मेथी तू खाय."

उरलेली मेथी मी खामगावला नेली आणि आम्ही ती खाल्ली.

फोटो देखणे होते, यात शंका नाही. त्या जास्तीच्या लेन्सनं मायच्या चेहऱ्याची एकेक सुरकुती दाखवली होती आणि मागचं सगळं धुक्यात विरघळवलं होतं. नवरा खूश झाला. "पाह्य, कसा कॅलेंडरवानी आला!" मी म्हटलं, पण बाजार कुठंय? मायच्या मागे हिरवट, तपकिरी डाग होते, बस. तिला कुणी स्टुडिओत पडद्यापुढे बसवली असती तरी हेच दिसलं असतं. आणि त्या चेहऱ्यावर आधार कार्डच होतं, फक्त जास्त स्वच्छ.

दुसऱ्या रविवारी मी लहान कॅमेरा तळहातात लपवून नेला आणि हुशारी म्हणून बाजाराच्या दुसऱ्या टोकानं शिरले, जिथं मला कुणी ओळखत नाही. माझा बेत असा, की लांबून फोटो काढत काढत जायचं आणि मायला कळायच्या आत तिचा काढून घ्यायचा.

उन्हाचा विचार मी केला नव्हता. स्टुडिओवाल्यानंही केला नव्हता; त्याचं सगळं आयुष्य मंगल कार्यालयात गेलेलं. आमच्याकडच्या दुपारच्या उन्हात कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर दिसतं ते आपलं नाक आणि थोडं आभाळ. डोळा लावायला खिडकी नाही. तेव्हा मी कॅमेरा कमरेपाशी धरला आणि अंदाजानं बटण दाबत चालू लागले. अंदाजानं धरलेला हात खाली झुकतो. हे मला तेव्हा जाणवलं नाही, पण बघणाऱ्यांना दिसत होतं, की एक अनोळखी बाई कुणाशी न बोलता, काही विकत न घेता, जमिनीचे फोटो काढत येत आहे.

मधल्या आठवड्यात तिथं टेप घेऊन मोजणीची माणसं येऊन गेली होती. कोण रस्त्यात किती आत बसतं याचे त्यांनी फोटो घेतले होते, आणि रस्त्यात सापडेल त्याचं नाव चिठ्ठीतून कापणार, अशी अफवा पसरली होती. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मायनं सांगितलं नव्हतं, कारण तिला चिठ्ठीशी देणंघेणं नव्हतं.

कुणीतरी ओरडलं, "मोजणीवाले आले!"

आमच्या बाजारातल्या ताडपत्र्यांच्या चारी कोपऱ्यांना दोरी बांधलेली असते. दोरी ओढली की दुकानाचं गाठोडं होतं आणि गाठोडं डोक्यावर. वाऱ्यावावटळीसाठी केलेली सोय ती. कोण आलंय, कुठून आलंय, हे पाहायला कुणी थांबलं नाही. माझ्या दोन्ही बाजूंनी ताडपत्र्या मिटत गेल्या. वांगी घरंगळली. मिरची सांडली आणि लोक शिंकत पळायला लागले. मीही घाबरले. मला वाटलं, खरंच कुणी आलंय आणि मायचा माल उचलून नेतील. मी कॅमेरा मुठीत आवळून तिच्या जागेकडे धावले. बोट बटणावर होतं ते तसंच राहिलं.

जागेवर माय नव्हती. बाजूच्या चहाच्या दुकानामागे ती गाठोडं डोक्यावर घेऊन भिंतीला चिकटून उभी होती. गुडघे दुखणारी बाई एवढ्या चपळाईनं उठली कशी, हा विचार माझ्या मनात आलाच. तिनं मला पाहिलं आणि हातानं खुणावलं. "अवं, तू कुठून आली? पय इकडं! मोजणीवाले आले!"

मी तिच्याशेजारी जाऊन लपले. धापा टाकत दोघी उभ्या राहिलो. भिंतीआडून मी बाजार पाहिला. तिथं कुणीच नव्हतं, टेप नाही, साहेब नाही. मग हातातला कॅमेरा पाहिला. मला सावकाश कळलं.

"माय," मी म्हटलं, "मोजणीवाली मीच हाये."

तिनं माझ्याकडे पाहिलं, कॅमेऱ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ती चारचौघांत माझा उद्धार करणार. पण तिला हसू फुटलं. डोक्यावरचं गाठोडं हलायला लागलं इतकी ती हसली, आणि मी ते गाठोडं दोन्ही हातांनी धरून ठेवलं, त्यामुळे हसणाऱ्या मायचा फोटो काढायचा राहिला.

लोक परत आले. बडबडत, शिव्या देत, पण आले आणि जो तो आपल्या दगडावर जाऊन बसला. एवढ्या पळापळीनंतरही कोण कुठं, यावरून एक शब्द झाला नाही. मिरचीवालीनं मात्र मला सोडलं नाही. "काऊन वं? मागच्या येळी त ढोल वाजवत आली होतीस. आता चोरावानी काऊन आली?" तिच्या मिरच्या मी वेचून दिल्या. संध्याकाळपर्यंत माझ्या बोटांची आग होत होती.

उन्हं कलल्यावर माहेरी ओसरीत बसून आम्ही फोटो पाहिले. सावलीत पडदा नीट दिसत होता. जवळजवळ सगळे वाकडे होते. पाय, चपला, पिशव्यांचे बंद, कुणाच्या धोतराचा सोगा. माय कुठंच नव्हती. बाजार हलायला थोडेच दिवस उरले होते आणि दोन रविवार मी फुकट घालवले होते. मला वाईट वाटलं. खरं तर रडू आलं, पण मी ते मिरचीवर ढकललं. हे सगळे पुसूनच टाकायचे असं ठरवून मी एकेक फोटो पुढे सरकवत होते.

"थांब," माय म्हणाली. "मांघं घे."

मी मागे घेतला. पळताना बोट दाबलं गेलं होतं तो फोटो. तिरपा. मधे ताडपत्रीच्या मापाची कोरडी चौकट, तिच्याभोवती शिंपडलेल्या पाण्यानं भिजलेली माती, मेथीची चार पानं आणि काळा दगड. माणूस कुणीच नाही.

मायनं कॅमेरा दोन्ही हातांत घेतला. मेथीची जुडी घेताना जशी ती उलटून पाहते तसा एकदा उलटून पाहिला आणि पुन्हा पडदा समोर धरला.

"हा ठेव," ती म्हणाली. "बाकीचे पुसले त चालते."

"याच्यात तू नाहीस न, माय."

"मी हावो न घरी. मले काय पाहाचं?" तिनं पडद्यावर बोट टेकवलं, त्याबरोबर फोटो मोठा झाला आणि दगडानं सगळा पडदा भरला. ती दचकली नाही. "हा नाही राहनार. सासू मले इथं बसवून गेली होती. म्हने, जागा सोडू नको. मी नाही सोडली. आता जागाच मले सोडून राह्यली."

मला तिचा चेहरा हवा होता, आणि तिला काय हवंय हे मी विचारलंच नव्हतं.

खामगावला परत आल्यावर मी लहान कॅमेरा घेतला. स्टुडिओवाल्यानं तो फोटो पाहिला आणि प्रामाणिकपणे सांगितलं, की मॅडम, हाच फोटो मोठ्या कॅमेऱ्यानं याहून चांगला आला असता. ते मलाही कळतं. मोठा कॅमेरा डोळ्याला लावून कुणी पळत नाही, एवढंच मी म्हटलं. नवऱ्याला कारण सांगितलं नाही. त्यानंही विचारलं नाही. इतक्या लवकर काही खरेदी झाली याच आश्चर्यात तो होता.

शेवटच्या रविवारी मी बाजारात शिरले तेव्हा कॅमेरा उघड हातात धरला होता. मायनं तिच्या दगडाच्या फोटोची गोष्ट सगळीकडे केली होती. मिरचीवालीनं मला लांबूनच हाक मारली. "ये इकडं. माह्या दगडाचा काढ."

ती उठली, ताडपत्री मागे सारली आणि बाजूला होऊन उभी राहिली. तिचा दगड लाल होता, एक कोपरा तुटलेला. मग वांगेवालीचा. मग लसूणवाल्याचा, त्यानं तर दगड धुऊन ठेवला होता. दोन आठवड्यांपूर्वी जे फोटोसाठी पुढे झाले होते, गेल्या आठवड्यात जे माझ्यापुढे पळाले होते, तेच आता एकेक करून उठत होते आणि आपल्या जागेपासून हातभर लांब उभे राहत होते. काहींना वाटत होतं, पुरावा राहील, पुढे कामी येईल. मी त्यांना नाही म्हटलं नाही आणि हो पण म्हटलं नाही. काहींना नुसताच हवा होता. मी वाकून काढत गेले. ऊन तसंच होतं, पडद्यावर काही दिसत नव्हतं, पण दगड हलत नाही, त्यामुळे अंदाज चुकला नाही.

माय त्या दिवशी उठली नाही. तिचा फोटो झालेला होता. ती मेथी विकत राहिली, जुडी पुढे करत, एका म्हाताऱ्याशी भावावरून भांडत. मला पाहिजे होती तशीच. मी तिच्यापासून चार हातांवर उभी होते, कॅमेरा हातात होता, आणि ती माझ्याकडे पाहतही नव्हती. मी कॅमेरा वर केला. मग खाली घेतला आणि तिच्या शेजारी जाऊन बसले. एवढा वेळ शोधलेली माय समोर असताना मला तिच्याकडे नुसतं पाहायचं होतं. संध्याकाळपर्यंत मी तिला जुड्या काढून देत राहिले.

नवरा मला न्यायला गाडी घेऊन आला होता. तो म्हणाला, "दगड घेऊन घेऊ गाडीत, अंगनात ठेवू." कल्पना वाईट नव्हती. मायनं मान हलवली. "तो तिथलाच हाये," ती म्हणाली, ताडपत्री झटकली आणि दर रविवारी ठेवायची तसा दगड ठेवून गाडीत बसली.

पुढच्या आठवड्यात तिथं खोदायचं मशीन लागलं. मी नंतर एकदा त्या रस्त्यानं गेले. गट्टू छान बसवलेत, मोटारसायकली रांगेत उभ्या असतात. मिरचीवालीला चिठ्ठीत कोपऱ्यातला ओटा मिळाला. धंदा बरा आहे म्हणते, पण शेजारीण बोलत नाही.

फोटो मी स्टुडिओतून मोठा करून, काच लावून मायला नेऊन दिला. तिनं तो ओसरीत, देवाच्या फोटोंपासून जरा अंतर राखून, लावला. येणारे-जाणारे पाहतात आणि गोंधळतात. परवा माझ्यासमोरच एक लांबची आत्या आली होती. चहा पिताना तिची नजर वर गेली. माती, पाला, दगड.

"हे काय लावलं वं भिंतीले?" तिनं विचारलं. "कोनाचा फोटो व्हय हा?"

माय पदरानं काच पुसत होती. "माहा," ती म्हणाली.